शेजारची खुर्ची

वाद्य वाजवण्याआधी पोस्टमनकाका नाकाने जोरात श्वास ओढायचे. वस्तीतल्या आमच्या वाद्यवृंदाचा संचालक म्हणून त्यावरून मी त्यांना कितीदा झापलं असेल! पण त्यांच्या शेजारी बसणाऱ्या ताईंना दिसत नाही; माझे हातवारे त्यांच्या काय कामाचे? त्या काकांच्या श्वासावरच व्हायोलिन सुरू करायच्या, हे मला काका गेल्यावर कळलं. आज काकांशिवाय पहिली तालीम. “ताई, आज नुसतं ऐका,” मी म्हणालो. त्यांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. मी हात खाली आणला आणि ताई सगळ्यांबरोबर अचूक सुरू झाल्या. “कसं जमलं?” “काकांनी श्वास घेतला ना.” शेजारची खुर्ची रिकामी होती. “ते गेलेत, ठाऊक आहे मला,” ताई म्हणाल्या. “खुर्ची तेवढी हलवू नका.” मी पुन्हा हात उचलला. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं; सगळ्यांचे कान त्या रिकाम्या खुर्चीकडे होते. माझा हात अजून वरच होता आणि सगळे एकदम सुरू झाले.