डावं मागचं चाक

डाव्या मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला एक रेघ होती. नखाच्या टोकाएवढी रुंद, तिच्यावरचा रंग पूर्ण गेलेला. उजव्या बाजूला तसं काही नव्हतं. तिनं बॅटरी मारून दोन्हीकडे पुन्हा पाहिलं.

"टायर घासतोय," ती म्हणाली.

"ते मलाही कळतंय, जळका वास येतो," दातांचा डॉक्टर म्हणाला. "का घासतोय ते सांग. चाकं तूच बसवलीस ना?"

तिनंच बसवली होती. स्पोर्ट्स कारला रुंद चाकं बसवायची, तर माप घेणारा माणूस पक्का लागतो, आणि वडिलांच्या वर्कशॉपमध्ये ते काम तिचं होतं. शिवाय ही गाडी साधी गिऱ्हाइकाची नव्हती. तिला या डॉक्टरशी लग्न करायचं होतं. वर्षभर बाबांचं एकच उत्तर होतं, "बघू."

डॉक्टर अंगानं काडीसारखा. बाबा त्याला 'दातवाला' म्हणत. "वाऱ्यानं उडू नये म्हणून इतकी बसकी गाडी घेतलीय त्यानं," असंही एकदा म्हणाले होते.

तिनं चाक उतरवलं. रिमवर सरळ पट्टी आडवी ठेवली, पट्टीपासून चाक आसाच्या टोकाला, म्हणजे हबला टेकतं त्या जागेपर्यंतचं अंतर घेतलं, त्यातून रिमची निम्मी रुंदी वजा केली. उरला तो ऑफसेट. चाक मडगार्डच्या आत राहणार की बाहेर डोकावणार, हे त्यावर ठरतं. यात एकच जागा फसवी असते. रुंदी रिमच्या बाहेरच्या कडांची घ्यायची, टायर बसतो तिथली नाही. आपण तिथंच चुकलो असू, अशी तिला जवळजवळ आशा होती.

आकडा पूर्वीचाच आला. उजव्या चाकाचाही तोच.

"शेजारी कुणी बसतं का?" तिनं सहज विचारावं तसं विचारलं.

"रविवारी तू बसतेस की."

"आणि एरवी?"

"एरवी..." त्यानं घड्याळाकडे पाहिलं. "बाप रे! तिकडे पेशंट तोंड उघडून बसलाय. संध्याकाळी येतो."

तो गेला तेव्हा बाबा सकाळचं फिरणं उरकून आत आले. ते खुर्चीत बसले तशी खुर्ची करकरली. फिरायला म्हणून घेतलेल्या बुटांचे तळवे अजून दुकानातून आणल्यासारखे होते.

"बूट हातात घेऊन फिरता का हो बाबा?"

"नीट चालणाऱ्याचे बूट झिजत नसतात," ते म्हणाले. "दातवाल्याची गाडी परत आली वाटतं?"

"घासतेय. माप बरोबर आहे, तरी घासतेय. माझं डोकं चालेनासं झालंय."

एरवी अशा वेळी बाबांनी दातवाल्याचा उद्धार केला असता. आज ते नुसते चष्मा पुसत राहिले.

"उभ्या गाडीचं माप म्हणजे निम्मं माप," शेवटी ते म्हणाले. "किती वेळा सांगितलं? भार टाकून मोज."

डावी सीट रिकामी होती. पार मागे सरकवलेली. ती बसायची तेव्हा नेहमी पुढे ओढलेली असे. तिनं टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये कागदाची पट्टी अडकवली आणि सीटवर जुन्या ब्रेक डिस्कची खोकी रचायला घेतली. तिच्या वजनाइतकी खोकी झाली, तरी कागद अलगद निघाला. तिनं आणखी ठेवली. मग आणखी. कागद अडकला तेव्हा सीटवर तिच्या दीडपट वजन होतं.

ती खोक्यांकडे बघत उभी राहिली. मडगार्डनं कुणाचं तरी वजन तिला सांगितलं होतं. उंच आणि चांगलं भरलेलं कुणीतरी. एखादी नर्स? जुनी मैत्रीण? तिच्या डोळ्यांपुढे एक धिप्पाड बाई येऊन बसली, आणि ती काही केल्या उतरेना. काडीसारख्या माणसाला अशी बाई आवडावी, याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. आकडा समोर होता आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. लागत होता तो नको होता.

दुपारभर तिनं दुसऱ्या गाडीचं एक माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.

संध्याकाळी डॉक्टर आला. खोकी तिनं मुद्दाम सीटवर तशीच ठेवली होती.

"हे काय?"

"तुझ्या शेजारी बसणारं माणूस," ती म्हणाली. "माझ्या दीडपट. पाय लांब. रोजचं, कारण एकदा घासून असा रंग जात नाही. कोण आहे?"

 तो तिच्या खांद्यावरून मागे बघू लागला.

"माझ्याकडे बघून बोल."

"मला सांगता येत नाही गं. शब्द दिलाय."

"तिला?"

 तिनं हातातली पट्टी बाकावर ठेवली.  वर्षभर बाबा 'बघू' म्हणत राहिले ते बरंच झालं, असं तिला वाटलं.

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं. हे लग्न..."

मागे खुर्ची करकरली.

"थांब जरा," बाबा म्हणाले. "ती खोकी उतरव आधी, सीट बिघडेल. उद्या सकाळी मला परत तिथंच बसायचंय. रोज भार टाकून मोजलं मी या पोराला, कुठंही घासला नाही. तारीख काढा लग्नाची."