पारा ठणकेपर्यंत

"झाल्या शंभर खेपा," हिल्मार म्हणाला आणि काचनळीची मान वितळवून बंद करायला त्याने गॅसची ज्योत जवळ ओढली.

"थांब," पंपाजवळून त्याची बायको आल्विना म्हणाली. "अजून हवा आहे आत."

तिने पाऱ्याची जड बाटली पुन्हा खांद्याइतकी उचलली. पंपात पारा चढत गेला, नळीतून आलेली हवा बाहेर ढकलत माथ्याला लागला. मधे हवा उरल्याने आवाज मऊ आला, कणकेच्या गोळ्यावर थाप मारावी तसा.

विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारा डॉक्टर ब्रुंक खिडकीशी घड्याळ हातात घेऊन उभा होता. आधीच्या दोन नळ्या वाया गेल्या होत्या. आतल्या दोन पत्र्यांना बॅटरी जोडली की पलीकडच्या काचेवर नळीतल्या किरणांचा पडणारा हिरवा ठिपका सरकायला हवा होता. तो तसूभर हलला नव्हता. तिसरीही तशीच निघाली तर काम दुसऱ्या गावच्या कारखान्याला जाईल, हे त्याने आल्या आल्या कॉफी पितानाच सांगून टाकलं होतं.

"माझ्या बापाने जन्मभर शंभरच वेळा बाटली उचलली," हिल्मार म्हणाला.

"तुझ्या बापाच्या नळ्या जत्रेत रंगीत उजेड पाडायच्या. त्यांना थोडी हवा चालायची."

"पण बाई, हवेच्या दाबाची मोजपट्टी शून्य दाखवतेय," डॉक्टर म्हणाला.

"तिला कान नाहीत, डॉक्टरसाहेब." मग ती नवऱ्याकडे वळली. "नळी शेक. पोराचा लंगोट वरून कोरडा लागतो आणि आत ओल असते, तशी हवा धरून बसलीय काच."

"तडकली म्हणजे?"

"तू फुंकलेली आहे. तडकेल?"

हिल्मारने ज्योत बारीक केली आणि नळीभोवती हळूहळू फिरवू लागला.

आल्विना बाटली उचलत होती, खाली ठेवत होती. आतल्या खोलीत पोर उठलं, कुरकुरलं, मग टाहो फोडून रडू लागलं. तिचे खांदे ताठरले, पण हात थांबला नाही. शेवटी हिल्मारनेच ज्योत विझवली आणि तो पोराला कडेवर घेऊन आला.

डॉक्टरच्या परतीच्या गाडीची वेळ टळून गेली. डॉक्टरने घड्याळ खिशात टाकलं.

आणि मग पारा वाजला. ठण्ण. दगडावर हातोडी पडावी तसा.

"आता," आल्विना म्हणाली.

हिल्मारने पोर तिच्याकडे न देता डॉक्टरच्या हातात दिलं, ज्योत पुन्हा पेटवून नळी बंद केली आणि पोर परत घेतलं. डॉक्टरने तारा जोडल्या. काचेवर हिरवा ठिपका उमटला. बॅटरी लावताच तो बोटभर खाली सरकला. तारा उलट केल्या, तर तितकाच वर.

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत राहिला. "हे प्रकाशाचं काम नाही, प्रकाश विजेने असा वळत नाही," तो हळूच म्हणाला. "कण आहेत हे. अणूहूनही लहान असावेत." मग त्याने वही उघडली. "शेवटी किती वेळा उचललीत बाटली? प्रयोगाच्या कृतीत आकडा लिहावा लागतो."

हिल्मारने बायकोकडे पाहिलं. "हिला विचारा. पंप हिचा आहे."

"आकडा नका लिहू," आल्विना म्हणाली. "लिहा, पारा ठणकेपर्यंत."

डॉक्टरने तसंच लिहिलं. बापाच्या कडेवरून पोर तिच्याकडे झेपावत होतं. शाई वाळेपर्यंत ती वहीपाशीच उभी राहिली.