भावोजींचा एक्स-रे

"गाढवा, पडद्याचे रंग कुणी कमी केले?" ताई माझ्यावर खेकसली. ती एक्स-रे विभागाची प्रमुख, मी तिथलाच संगणकवाला.

एका जुन्या प्रोग्रामसाठी एक्स-रे दाखवणाऱ्या संगणकाचे रंग मीच काल आठ बिटांवर, म्हणजे जेमतेम अडीचशे रंगांवर, आणले होते आणि परत वाढवायला विसरलो होतो. त्यामुळे भावोजींच्या एक्स-रेतल्या करड्या छटा फुटून छातीवर नुसते पट्टे दिसत होते. शेजारच्या खोलीत भावोजी ऑपरेशनच्या टेबलावर होते आणि सर्जन याच चित्रासाठी खोळंबले होते.

"त्यांना काही झालं ना, तर तुझं तोंड बघणार नाही!"

देवाचं नाव घेत मी सेटिंगमध्ये आठ बिटांच्या जागी चोवीस लिहिलं आणि पडदा नव्याने सुरू केला. पट्टे गेले. बरगड्या लख्ख दिसल्या. मग त्या हळूच वर आल्या आणि खाली गेल्या.

"ताई, हा कालचाच एक्स-रे आहे ना?"

"मग काय सिनेमा आहे? नीट कर म्हणते ना!"

बरगड्या पुन्हा वर आल्या, खाली गेल्या आणि तिथेच थांबल्या.

शेजारच्या खोलीत एकदम धावपळ सुरू झाली. ताईने मला बाजूला ढकललं, सकाळपासूनचा सगळा राग एकवटून पडद्यावर मूठ आपटली आणि ओरडली, "अहो, श्वास घ्या!"