खुर्चीचा आवाज

अर्ध्या चित्रपटातून उठताना समीक्षक आर्मां मुद्दाम खुर्ची खाडकन मिटू द्यायचा. त्या आवाजाला पॅरिसमधले भलेभले दिग्दर्शक टरकून असायचे. उद्याच्या परीक्षणाची ती सलामीच असायची.

आज पडद्यावर त्याच्याच कादंबरीवरचा चित्रपट होता. नायिकेचं लांबलचक स्वगत सुरू झालं, तशी मागे एक खुर्ची खाडकन वाजली. मग दुसरी. ‘या दिग्दर्शक पोरीने माझ्या पुस्तकाची पार माती केली,’ तो मनात चरफडला.

तेवढ्यात शेजारी बसलेली दिग्दर्शिका सोलेन अभिमानाने कुजबुजली, “तुमचा एक शब्दही मी बदललेला नाही हं!”

स्वगत काही संपेना. आर्मांला जांभई आली.

तो उठला. पण या वेळी खुर्ची त्याने हाताने धरली आणि हळूच, अजिबात आवाज न करता मिटू दिली.