धुऱ्यापलीकडचा साक्षीदार

हर्षाचं लग्न अनुपशी ठरलं. हे आता विसरा. आत्ता रविवारची दुपार आहे, अकोल्याच्या जुन्या शहरात केशवरावांच्या घरी पोहे आलेत आणि काहीही ठरलेलं नाही.

केशवराव म्हणजे हर्षाचे वडील, तहसीलमधून निवृत्त, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. पोरगा बौद्ध, हा मुद्दा हर्षानं आधीच रडून निकाली काढला होता. उरला एकच प्रश्न.

"तुमी कॉलेजात इतिहास शिकवता. आमच्या शास्त्राबाहेर कोणी लिहून ठेवलं का, येशू खरंच झाला म्हणून?"

हर्षानं अनुपला शिकवून ठेवलं होतं, नुसतं 'हो काका' म्हण.

"दोघं आहेत, काका," अनुप म्हणाला. "एक यहुदी इतिहासकार. तो येशूची लय स्तुती करते. पण तो काही येशूले मानणारा नव्हता. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, उल्लेख त्याचा, स्तुती मागून कोणीतरी घातली."

केशवरावांचा घास थांबला.

"दुसरा रोमन. पिलात नावाच्या सुभेदारानं येशूले मारलं, एवढंच सांगते. ऐंशीएक वर्षांनी लिहिलेलं, ऐकीवही असू शकते. अन् या पंथाले घातक खूळ म्हणते."

"शिव्या देते?"

"म्हणून तर भरोसा जास्त. त्याले काय पडली होती?"

हर्षा आत गेली. रडायला की हसायला, तिचंही ठरलं नव्हतं.

केशवरावांनी हात धुतले आणि फोन उचलला. वऱ्हाडात सोयरीक जमवताना पोराची चौकशी नातलगांकडे करत नाहीत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ज्याच्याशी भांडण असेल, त्या शेजाऱ्याकडे करतात. अनुपचे वडील शेषराव यांचा असा शेजारी धामणगावचा. नत्थुजी. केशवरावांनी स्पीकर लावला.

"अनुप? हिरा हाये सायेब! देवमाणूस! अन् बाप त्याच्याहून मोठा देवमाणूस!"

केशवरावांनी अनुपकडे पाहिलं. "हे मागून घातलं."

"बाबांनी सकाळी पेढे नेले असतील," अनुप मान खाली घालून म्हणाला.

"नत्थुजी, काहीतरी वाईट सांगा ना."

पलीकडे थोडा वेळ पेढा आणि सत्य यांची झटापट झाली.

"वाईट? बयताड हाये ते पोट्टं, साफ येडं! मोजणीवाला आला, तं भर वावरात सांगते, धुरा आमच्याच बानं सरकवला, नत्थुजीचं दोन हात वावर आमच्याकडं हाये! बाप तोंड लपवत फिरला. असं पोट्टं देवानं दुश्मनालेही देऊ नये. पेढे वापस घेऊन जा म्हणा!"

फोन आपटल्याचा आवाज आला.

"हे मात्र मूळचं," केशवराव म्हणाले आणि त्यांनी हर्षाला हाक मारली.

चहा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. नोकरीत जन्म गेल्यामुळे त्यांची प्रार्थना अर्जासारखीच होते.

"मा. स्वर्गीय पित्याचे सेवेशी. विषय, जागा मिळणेबाबत. सदर रोमन इसमाने आपल्या पुत्राच्या लोकांविषयी वाईट लिहिले, तथापि साक्ष दिली. सबब त्यास स्वर्गात एक लहानशी जागा मंजूर व्हावी. लगतची जागा श्री. नत्थुजी यांस द्यावी. दोघांमधील धुरा आपण समक्ष मोजून कायम करावा, ही विनंती. आमेन."