टायरमधले काटे

“हलू नको गं माझी बाय. मोडला तर आतच ऱ्हाईल.”

आईचा, साळूबाईचा हा आवाज छायाच्या कानांत कितीतरी वर्षांनी आला. तोही सिडकोत, त्रिमूर्ती चौकात, फकिराच्या पंक्चरच्या दुकानापुढे.

फकिरानं मोटरसायकलचं मागचं चाक खोललं होतं. बाजूला काढलेल्या ट्यूबमधून हिरवं लिक्विड घमेल्यात ओघळत होतं.

“साहेब, ह्याला टायर म्हणावं का टक्कल? पार तारा दिसाय लागल्या,” फकिरा हसत म्हणाला. टायरच्या आतून हात फिरवता फिरवता त्यानं एकदम बोट तोंडात घातलं. मग पक्कड घेतली. एक काटा निघाला. दुसरा निघाला. मग निघतच राहिले, काळपट, टणक, दाभणाच्या टोकासारखे.

“वैनी, साहेबांची गाडी कंपनीत जाती का बैल चारायला? एवढे काटे, अन् एक पंक्चर नाय! लिक्विड लय भारी बघा. काटा घुसला की जाग्यावर भोक बुजवतं. गाडीवाल्याला पत्ताच लागत नाय.”

“फेकून दे रे ते,” प्रफुल्ल म्हणाला. “रस्ताच तसला आहे.”

घरापासून अंबडच्या कंपनीपर्यंत सगळी डांबरी सडक. छायानं वाकून एक काटा उचलला, पदराला पुसला. घायपाताचा होता. घायपात काय, रेल्वेच्या कडेनं असतो, बांधाबांधावर असतो. पण हा काटा बुडाशी विळ्यानं तिरका छाटलेला होता. तिनं दुसरा पाहिला. तोही तसाच. सगळेच तसे.

विंचूरच्या शिवारात तिचा बाप कोंडाजी घायपाताचे दोर वळायचा. पान हातात घेतलं की टोचू नये म्हणून आधी त्याचा शेंडा छाटायचा, आणि पडेल तिथं पडू द्यायचा. दाराशी येणारी वाट त्या शेंड्यांनी पेरलेली. आई झाडायची, बोलायची. बाप पुन्हा छाटायचा. घरात येणाऱ्याच्या टाचेत काटा, आणि काटा काढायला आईची मांडी.

प्रफुल्लशी लग्न करायला छाया त्या वाटेनं निघाली, ती पुन्हा गेली नव्हती. लग्नानंतर प्रफुल्लच एकटा जाऊन आला होता. उंबऱ्यात बसून चपला काढता काढता म्हणाला होता, “तुझ्या नावानं आंघोळ केलीय त्यांनी. आता विषय नको.” तिनं विषय काढला नाही. रडायचं ते मोरीत नळ सोडून रडली.

आणि शनिवारचे ते ओव्हरटाइम. येताना हमखास पंक्चर, हमखास उशीर. एकदा तिनं हसत विचारलं होतं, “अहो, शनिवारीच कसं होतं हो पंक्चर?” त्यानंतर त्यानं दोन्ही चाकांत लिक्विड भरून आणलं. ती नळावरच्या बायकांना कौतुकानं सांगत फिरली, आमच्या गाडीला पंक्चर म्हणून होत नाही.

“शनिवारी सुट्टी असते कंपनीला,” छाया म्हणाली. “अख्ख्या अंबडला असते.”

“अगं, ओव्हरटाइम...”

“कुणाकडं? माझ्या बापाकडं?”

तिनं तळहात पुढे केला. हातावरचे काटे पाहून प्रफुल्लची नजर खाली गेली. फकिरानं मान वळवली आणि नवं टायर रिमवर चढवायला घेतलं.

“माझ्या नावानं आंघोळ केली, असं कोण म्हणालं होतं?” तिचं अहो-जाहो गळून पडलं होतं. “तू म्हणाला होतास.”

“नव्हती केली त्यांनी.” प्रफुल्ल घमेल्याकडे बघत म्हणाला. “तुझे बापू म्हणाले होते, तिला एकटीला धाडा, मग बघू. मला वाटलं, धाडली तर ठेवून घेतील. तू राहशील.”

“मग तू कशाला जात राहिलास?”

प्रफुल्ल बोर्डिंगात वाढलेला. वाढप्याच्या पळीपुढं ताट धरून मोठा झालेला. तो थांबत थांबत म्हणाला, “आई जेवू घालते. समोर बसून. मला कुणी तसं वाढलं नव्हतं, छाया.”

शनिवारी रात्री तो म्हणायचा, भूक नाही. दमला असेल बिचारा म्हणून ती त्याचे पाय चेपायची. त्या पायांना विंचूरची माती होती.

“माझी आई होती ती,” छाया म्हणाली. मग विचारलं, “तिला काय सांगतोस माझं?”

“येत नाही म्हणते, असं.”

चौकातून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली. छायानं मूठ मिटली. काटे हाताला लागत होते, तरी तिनं ती सोडली नाही.

“झालं साहेब,” फकिरा हात पुसत उठला. “नव्यात पण लिक्विड भरू ना?”

फकिरा दोघांकडे पाहून पुन्हा खाली बसला. छाया रस्त्याकडे तोंड करून विंचूरकडची बस कुठून मिळेल ते फकिरालाच विचारायला लागली. तेव्हा प्रफुल्ल तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

“छाया,” तो म्हणाला, “आईला आता दिसत नाही. गाडी थांबली, की ती आधी मागची सीट चाचपून बघते.”