शिवदासने बाद केलेला पट्टा

मुलुंडच्या साइटवर सेफ्टी सुपरवायझर शिवदास झाला, आणि ती जागा आपलीच धरून बसलेल्या चंदरचा जळफळाट सुरू झाला. क्रेनने माल उचलायच्या पट्ट्याची शिवण जरा उसवलेली दिसली, की पुन्हा कुणी वापरू नये म्हणून शिवदास तो तिथल्या तिथे कापून टाकायचा.

आज त्याने बाद केलेला एक पट्टा चंदरने कापायच्या आधीच लपवून घरी आणला.

“बघ कमळ,” तो बायकोला म्हणाला, “काय झालंय याला? उगाच साहेबगिरी करतो साला!”

“मग झकास! याचाच पोरीला झोका बांध ना.”

चंदरने रांगणाऱ्या पोरीकडे पाहिलं.

मग सुरी घेतली आणि पट्ट्याचे दोन तुकडे केले, अगदी शिवदास करतो तसे.